या संगणकास आधार नाही

भारी धान निसवायला लागला की माझ्या पोटात दुखतं. डॉक्टरला दाखवायचं दुखणं नव्हे हे. सरळ मराठीत याला हेवा म्हणतात आणि तो मला शहापूरच्या रेखाचा वाटतो. वर्षभर वाटतो, खोटं कशाला बोलू, पण दसरा सरून दिवाळी लागेपर्यंतच्या या दिवसांत जरा जास्तच. लवकर येणारा हलका धान कापून झालेला, त्याच्या कडपा, म्हणजे कापलेल्या मुठी, शेतात पसरलेल्या, आणि शेजारीच उशिराचा भारी धान अजून हिरवागार, लोंब्या टाकत उभा. लाखनीत हायवेच्या कडेनं दुकानांसमोर ताडपत्र्यांवर धान वाळत असतो. ट्रक गेला की बारीक भुसा उडतो आणि कॉलेजातून घरी पोचेपर्यंत माझ्या ओढणीला तो वास चिकटलेला असतो. इतर बायकांना त्या वासानं चकल्या-अनारशांची घाई आठवते. मला तीन वर्षांपूर्वीची एक यादी आठवते, आणि मग घरात कोणी काही बोललं की मी उगाच खेकसते.

आज दुपारी तर निमित्तच मिळालं. जेवून जरा आडवी झाले होते, मोबाइल वाजला. आमच्या सॉफ्टवेअरच्या मंडळींतल्या एकानं सगळ्यांसाठी प्रश्न टाकला होता: विंडोज टेन आता यादीत ठेवायची की काढायची? बनवणाऱ्यांनीच तिच्यावरचा हात काढून घेतलाय, आपण कुठवर ओढत न्यायची? प्रश्न साधा आहे. असले प्रश्न दर दोन-चार वर्षांनी येतातच. पण मी ताडकन उठून बसले, कारण खाली लिहिलं होतं, रेखाताईंचं काय म्हणणं आहे? माझं नाव त्यानंतर होतं, आणि त्याच्याआधी 'तसंच' हा शब्द होता.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बांधी म्हणजे आमच्याकडे धानाच्या शेताचा एक तुकडा, चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातलेला. 'बांधी' हे मी लिहिलेल्या सॉफ्टवेअरचंही नाव आहे. गावतलावाचं पाणी कोणाच्या बांधीला कोणत्या दिवशी, किती तास, याची यादी ते काढून देतं. पूर्वी ही यादी तोंडी असायची आणि तिच्यावरून फावडी उचलली जायची. माझ्या माहेरी दोन चुलतभाऊ याच कारणावरून आजही एकमेकांच्या घरचं लग्न जेवत नाहीत. म्हणून मी दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या घालवून ते लिहिलं. फुकट आहे, आणि नुसतं फुकट नाही, उघडं आहे. आतली ओळ न् ओळ कोणीही वाचावी, चूक दिसली तर दाखवावी, जमलं तर दुरुस्त करून पाठवावी. माणसानं असं काही उघडं टाकलं म्हणजे त्याचं मन मोठं असणार, असं लोकांना वाटतं. मलाही वाटायचं, रेखा येईपर्यंत.

रेखा आली ती चूक दाखवतच आली. शहापूरला तिचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. माहेर गोसीखुर्दच्या धरणाकडचं, म्हणजे मूळ गाव पाण्याखाली, आणि नव्या गावाच्या नावापुढे कायमचं 'पुनर्वसन' लागलेलं. तिनं पहिलाच निरोप लिहिला तो असा: तुमच्या यादीनं एका घराला पोळ्याच्या दिवशी पाळी दिली, पोळ्याच्या दिवशी बांधीत कोण जाते जी? सगळे हसले. मीही हसल्याचं चिन्ह टाकलं. खरं तर माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, कारण मी शेतकऱ्याच्या घरची, बैल धुण्यात माझं बालपण गेलं, आणि मला पोळा सुचला नव्हता.

मग ती शिकत गेली. कोणी शिकवलं नाही, आपली आपणच शिकली, दुकानात गिऱ्हाईक नसताना. दीड वर्षात ती माझ्या बरोबरीनं काम करायला लागली आणि तिचा हात माझ्यापेक्षा हलका निघाला. मी चाळीस ओळींत करायची ते ती बारात करायची. एकदा सहज म्हणाली, ताई, नाव 'पाळी' पायजे होतं, लोक तं पाण्याची पाळीच म्हणते. मी म्हटलं, वर्गात पोरांसमोर हे नाव मी कसं घेऊ? ती मनमोकळी हसली. पण आज तुम्ही शहापूरच्या बाजूच्या कोणत्याही गावात जा आणि 'बांधी' सॉफ्टवेअर कुठं आहे म्हणून विचारा, तुमच्याकडे बघत राहतील. रेखाताईची पाळी म्हणा, लगेच पाणीवाटप संस्थेचं कार्यालय दाखवतील.

पोह्यांचंही सांगून टाकते, मनात ठेवून काय उपयोग. एकदा तिच्या घरी गेले होते. कोपऱ्यात चार पिशव्या होत्या. एकीत नवीन धानाचे पोहे, एकीत शिंगाडे, एकीत लाखोरीची डाळ, चौथीत काय होतं ते मी विचारलं नाही. गावोगावचे सचिव आणून देतात म्हणाली, नको म्हटलं तरी ठेवून जातात. तिनं त्यातले निम्मे पोहे माझ्या पिशवीत भरले. मी ते घरी आणले आणि आठ दिवस तसेच राहू दिले. शेवटी सासूबाईंनी फोडणी दिली आणि म्हणाल्या, काय गोड पोहे आहेत, कोणी दिले? मला येतात ती मेलवरची पत्रं. 'आदरणीय महोदया, आपले कार्य स्तुत्य आहे.' त्याला फोडणी देता येत नाही.

तर ती यादी. कोणत्या ऑपरेटिंग सिस्टीमवर आपलं सॉफ्टवेअर चालेल, याची यादी प्रत्येक प्रकल्पाला करावी लागते. संगणक सुरू केला की सगळ्यात आधी जागी होते ती ऑपरेटिंग सिस्टीम, बाकी सगळं तिच्या जिवावर. विंडोजच्या अमक्या अमक्या, लिनक्सच्या अमक्या अमक्या, इतकी नावं आम्ही सांभाळणार, बाकीच्यांनी आपलं आपण बघावं. सांभाळणं हे बोलायला सोपं आहे. यादीत एक नाव म्हणजे दर नव्या आवृत्तीआधी त्या यंत्रावर सगळं तपासून बघणं, कुठं अडलं तर रात्र-दिवस न बघता सोडवणं, आणि नव्या यंत्रांसाठी केलेली सुधारणा जुन्यावर चालत नसेल तर तिची दुसरी प्रत लिहिणं. लोकांना वाटतं यादी म्हणजे आपण काय देतो त्याची पाटी. मी सांगते, आपण कोणाचा फोन उचलणार ते त्यात लिहिलेलं असतं.

तीन वर्षांपूर्वी, असाच हलका धान कापणीला आलेला असताना, यादीतल्या सगळ्यात जुन्या नावाचा प्रश्न निघाला. विंडोज सेव्हन. प्रश्न मीच काढला. आमच्यात नियम आहे की यादीत काही बदलायचं तर कारण लिहायचं, सगळ्यांना दिसेल असं. मी तीन कारणं लिहिली. एक, ती बनवणाऱ्यांनी केव्हाच सोडली, धोक्याची आहे. दोन, आपण ज्या दुसऱ्यांच्या तयार भागांवर उभे आहोत ते तिच्यावर आता चालत नाहीत. तीन, आपण मूठभर लोक, वेळ कुठून आणायचा. तिन्ही कारणं शंभर टक्के खरी होती. खरी कारणं हाताशी असली की माणसाला खोटं बोलायची वेळच येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

चौथं कारण मी लिहिलं नाही. विंडोज सेव्हन वापरणारी सात-आठ कार्यालयं उरली होती आणि ती सगळी रेखाची होती. कुठल्या तरी शाळेनं, कुठल्या तरी बँकेनं काढून टाकलेले संगणक तिनं त्यांना मिळवून दिले होते, स्वतः जाऊन 'बांधी' बसवली होती. पोहे तिथून येत होते. शिंगाडे तिथून येत होते.

रेखानं वाद घातला नाही. तिनं एकच प्रश्न लिहिला, "काढलं तं त्यायनं कुठं जायचं?"

मी उत्तर दिलं की उबुंटू ही लिनक्स टाकावी, फुकट आहे, जुन्या यंत्रावरही पळते. उत्तर बरोबर होतं. त्या कार्यालयांतले खडखड करणारे जुने प्रिंटर त्यावर चालवून बघायचे कष्ट मात्र मी घेतले नव्हते. मतं घेतली. दोघं तिकडे, दोघं इकडे, आणि माझं मत उरलं. मी काढण्याच्या बाजूनं दिलं आणि खाली लिहिलं, जड अंतःकरणानं. अंतःकरण कसलं जड, मला त्या दिवशी दोन पोळ्या जास्त गेल्या.

मग शब्दांवर आलो. जुन्या यंत्रावर नवी आवृत्ती टाकायला गेलं तर काय सूचना दिसावी? इंग्रजी वाक्य ठरलेलं होतं, मराठी माझ्याकडे. रेखानं सुचवलं, 'या जुन्या संगणकावर हे चालत नाही. रेखाला फोन करा.' पुढे तिचा नंबर. बरं चाललं होतं माझं, तो नंबर बघितला आणि अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, ही काय भाषा झाली, हे गावोगाव वापरायचं सॉफ्टवेअर आहे, दुकानाची पाटी नाही. कॉलेजात प्रमाणभाषा शिकवणाऱ्या सरांना विचारून मी वाक्य घडवलं: 'आपल्या संगणक प्रणालीस आधार नाही. कृपया अद्ययावत करून घ्यावे.' मला ते फार भारदस्त वाटलं. मी ते दोनदा मोठ्यानं वाचून बघितलं.

आता पुढं काय झालं असेल ते आमच्या जिल्ह्यातल्या कोणालाही सांगावं लागणार नाही. शहापूरजवळच्या एका गावात डोमाजीमामा म्हणून पाणीवाटपाचं काम बघणारे सचिव आहेत. साठी उलटलेले, बारीक, चष्म्याला दोरी. भारी धानाला शेवटचं पाणी द्यायची वेळ होती. त्यांनी संगणक सुरू केला, नवी आवृत्ती आली आहे घेऊ का असं त्यानं विचारलं, मामांनी हो दाबलं. आधी जुनं काढायचं आणि मग नव्याची तपासणी करायची, हा क्रम माझाच. जुनं गेलं, नवं बसलं नाही, आणि पडद्यावर आलं: आधार नाही, अद्ययावत करून घ्यावे.

मामांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. रेशनला आधार लागतं, पीकविम्याला लागतं, गॅसला लागतं, आता पाण्यालाही लागायला लागलं एवढंच. त्यांनी गावभर फिरून सगळ्या सभासदांची आधार कार्डं गोळा केली, रबर लावलं, पिशवीत घातली आणि आधार केंद्रावर जाऊन रांगेत बसले. पहिल्या दिवशी नंबर लागला नाही. दुसऱ्या दिवशी मशीन बंद होतं. तिसऱ्या दिवशी तिथल्या मुलीनं सगळी कार्डं तपासून सांगितलं, काका, सगळं बरोबर आहे, अपडेट करण्यासारखं काही नाही. मामा आनंदानं परत आले, संगणक सुरू केला, आणि पुन्हा तेच. एवढ्या तीन दिवसांत त्यांनी रेखाला फोन केला नाही. ती बहिणीच्या बाळंतपणासाठी माहेरी गेली होती आणि हे तर आधारचं काम, त्यात तिला कशाला त्रास द्यायचा.

पाण्याची यादी नाही म्हटल्यावर वरच्या अंगाच्या लोकांनी वाट किती बघायची? ज्याला जसं जमलं तसं पाणी घेतलं. चौथ्या दिवशी रेखाला कुठून तरी कळलं. ती तशीच निघून आली, कागद घेऊन बसली आणि सगळ्या पाळ्या हातानं लिहून काढल्या. तोवर तलावातलं पाणी, ते ज्यातून सोडतात त्या दाराच्या खाली गेलं होतं. अगदी टोकाच्या तीन-चार बांध्यांना ते पोचलंच नाही. त्यातल्या दोन डोमाजीमामांच्या.

रेखानं मला फोन करून सांगितलं. झालं तेवढंच सांगितलं, क्रमानं, चढा स्वर नाही, टोमणा नाही. मी फोन ठेवला आणि मला तिचा रागच आला. बोलली असती चार शब्द तर मीही चार बोलले असते, आणि दोघींचं बरोबरीत सुटलं असतं. इतकं चांगलं वागायची गरज नव्हती तिला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. भंडाऱ्याला एसटी बदलून मी शहापूरला गेले, तिथून रेखा मला तिच्या गाडीवर मामांच्या बांधीवर घेऊन गेली. मागं बसून मी सगळ्या रस्ताभर बघत होते, वाटेत भेटेल तो माणूस तिला हात करत होता. म्हशीवरच्या बाईनंही केला. बांध्यांमध्ये वरून खाली उतरत गेलं तसा धानाचा रंग बदलत गेला. वर तो वाकलेला होता, टोकाला ताठ उभा. भरलेला धान ताठ उभा राहत नाही, हे मला कोणी सांगायला नको होतं.

मामा धुऱ्यावर बसले होते. रेखानं ओळख करून दिली, या लाखनीच्या मॅडम, हे सगळं यायनंच बनवलं हाय, मी तं मागून आली. ती हे नेहमीच असं सांगत असणार, इतकं सहज तिच्या तोंडून आलं. मामा उठून उभे राहिले. मला म्हणाले बसा जी, आणि स्वतःच्या खांद्यावरचा दुपट्टा झटकून धुऱ्यावर अंथरला. मग त्यांनी एक लोंबी तोडली, दाणा बोटांत दाबून दाखवला. दुधाऐवजी हवा. ते माझ्यावर चिडलेले नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. ते म्हणाले, "मॅडम, आधार तं सगळ्यायचाच होता. मंग ते काहून नाई म्हणे?"

मराठीतला तो शब्द चुकीचा पडला असं मी बोलायला लागले आणि मध्येच थांबले, कारण रेखा माझ्याकडे बघत होती. तिचा शब्द बरोबर होता आणि तो मी का घेतला नाही हे तिला माहीत होतं, असं मला त्या क्षणी वाटलं. मी मामांना म्हटलं, माझी चूक झाली. ते म्हणाले, होते जी, आणि लोंबी खिशात ठेवून दिली.

या तीन वर्षांत मी पुष्कळदा स्वतःला विचारून बघितलं, की कारणं खरी असताना निर्णय चुकीचा कसा ठरतो. आजही विंडोज सेव्हन धोक्याचीच आहे. आजही आम्ही मूठभरच आहोत. यादीत परत घेतलेल्या त्या सेव्हनला सांभाळायला माझे दर हंगामाला पंधरा-वीस दिवस जातात, डोळे जातात, मान धरते. तेव्हा मी जी कारणं लिहिली ती दुसऱ्या कोणी लिहिली असती तर मीच त्याला शाबासकी दिली असती. आजच्या प्रश्नाला म्हणूनच मी अजून उत्तर दिलेलं नाही. विंडोज टेन कोणाकोणाकडे आहे ते बघून घेतलं. बहुतेक माझ्याच कॉलेजच्या ओळखीतले निघाले, आणि ठेवावी असं मला लगेच वाटायला लागलं. तेव्हा मी मोबाइल पालथा घातला आणि पाणी प्यायला उठले.

त्या रविवारी मी परत येऊन चहाही न घेता संगणकापुढे बसले. अजून बाहेर ऊन होतं. सेव्हनचं नाव यादीत परत घातलं, सूचनेत रेखाचं वाक्य घातलं, तिच्या नंबरासकट. आता कारणाची जागा रिकामी होती. तिथं 'वापरकर्त्यांच्या मागणीनुसार' एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं, कोणी विचारणार नव्हतं. मी लिहीत गेले, खोडत गेले, पुन्हा लिहीत गेले. की काढताना दिलेली तिन्ही कारणं खरी होती, पण मी त्या कारणांसाठी काढलं नव्हतं. की त्या कार्यालयांचे फोन मला येत नव्हते, रेखाला येत होते, आणि ते मला सोसत नव्हतं. की तिचा शब्द मी टाकला तोही ती पुढे जाऊ नये म्हणून. की यात एका माणसाच्या दोन बांध्या पोचट गेल्या. शेवटी लिहिलं, मला रेखाचा हेवा वाटतो. नऊ ओळी झाल्या. डोळे मिटून बटण दाबलं, आणि देशभरातून जे कोणी आमच्या कामाला हात लावतात त्या सगळ्यांना ते दिसलं.

पाच-सात मिनिटांत खाली रेखाचं उत्तर आलं.

"मलेबी वाटते, ताई, तुमचा. पयल्या दिवसापासून."

मला नऊ ओळी लागल्या, त्याही चारदा खोडून, आणि हिनं एका ओळीत उरकलं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी तिच्या उत्तराखाली बदामांची रांग लावली होती. माझ्या नऊ ओळींखाली एकच बदाम होता. तो कोणी दिलाय म्हणून मी बोट टेकवून बघितलं. रेखानं.